नळीच्या तळाशी राहिलेलं

एकतीस वर्षं मी पेशींना खाऊ घातलं. माझी नोकरी याहून सोप्या शब्दांत मला सांगता येत नाही. दिवाळी अंकासाठी लेख मागायला आलेल्या मंडळींचा समज होता की मी शास्त्रज्ञ होते. मी तंत्रसहायक होते. शास्त्रज्ञाच्या नावाची पाटी दारावर असते आणि तंत्रसहायक दाराच्या आत असतो, एवढाच फरक. त्यांना सगळ्या नोकरीचं हवं होतं, पण तेवढा दम आता राहिलेला नाही. त्यातल्या एका वर्षाचं सांगते. बाकीची तीस त्याच्याभोवती बसवून घ्यावीत.

आम्ही मूळचे नांदेडकडचे. वडील रेल्वेच्या वर्कशॉपात लागले म्हणून हैदराबादेत आलो आणि इथलेच झालो. मी बीएस्सी करून तारनाक्याजवळच्या एका संशोधन संस्थेत लागले. पहिल्या दिवशी मला एक पांढरा कोट, एक स्टूल आणि एक इन्क्युबेटर मिळाला. इन्क्युबेटर म्हणजे शरीराइतकी ऊब कायम राखणारं कपाट. त्यात प्लास्टिकच्या चपट्या बाटल्या आडव्या ठेवलेल्या असतात, आणि बाटलीच्या तळाला चिकटून कॅन्सरच्या पेशी वाढत असतात. माणूस जाऊन वीस-वीस वर्षं झालेली असतात, त्याच्या पेशी मात्र बाटलीत जिवंत. त्यांना गुलाबी पोषकद्रव लागतं. दोन दिवसांत ते पिवळट पडतं, म्हणजे खाणं संपलं आणि घाण साचली. ते ओढून टाकायचं, नवं घालायचं. पेशींना दसरा कळत नाही, दिवाळी कळत नाही. पाडव्याच्या दिवशी मी कोट चढवून निघाले की जाऊ म्हणायची, हिनं गायी पाळल्या असत्या तर निदान दूध तरी मिळालं असतं.

आमच्या गटाच्या प्रमुख डॉक्टर वसंता. आंध्र किनाऱ्याकडच्या, बुद्धीनं फार तल्लख, आणि सुरुवातीच्या काळात माझ्या शेजारी स्टूल ओढून तासन्‌तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणाऱ्या. त्यांचा प्रश्न एकच होता. कॅन्सरचं औषध पहिल्यांदा लागू पडतं, गाठ विरघळते, घरात पेढे वाटले जातात, आणि मग तेच औषध काम करेनासं होतं. असं का?

यासाठी आम्ही दोन तऱ्हेच्या पेशी पाळल्या होत्या. पहिल्या, औषधानं मरणाऱ्या. त्यांना मी साध्या म्हणायची. दुसऱ्या त्यांच्यातूनच तयार केलेल्या. साध्यांना औषधाचा अगदी बारीक थेंब द्यायचा, ज्या वाचतील त्या वाढवायच्या, मग थेंब थोडा मोठा करायचा. सव्वा वर्ष असं केल्यावर ज्या उरल्या त्यांना औषधाचं काही वाटेना. त्या निबर. त्यांच्या अंगाच्या पडद्यात पंपासारखा एक पदार्थ भरपूर असतो आणि आत आलेलं औषध तो बाहेर फेकतो. हे तेव्हाही जगाला माहीत होतं, त्यात आमचं काही नाही. औषध डाळिंबाच्या रसासारखं लाल. विशेष दिव्याखाली ते चमकतं. साध्या पेशींवर घातलं की तासाभरात त्यांच्या पोटातलं केंद्र निखाऱ्यासारखं दिसायचं. निबर पेशी काळोख्याच राहायच्या.

नव्वदचं दशक मध्यावर आलं होतं. त्याआधी पेशींच्या खाण्यात घालायचं सीरम, म्हणजे वासराच्या रक्तातून काढलेलं पिवळं पाणी, परदेशातून मागवायचं तर परवान्यातच वर्ष जायचं. मग देश बाहेरच्या मालाला खुला झाला. टाय लावलेले एजंट कॅटलॉग घेऊन दारात बसायला लागले. आमच्याच इमारतीतली निम्मी पोरंपोरी संध्याकाळी दिलसुखनगरला कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागली आणि वर्षभरात एकेक करून निघून गेली. आणि आमच्याकडे एका परदेशी कंपनीचं काम आलं. निबर पेशींचा पंप बंद पाडणारं नवं औषध त्यांनी बनवलं होतं, ते आम्ही तपासायचं आणि दर महिन्याला फॅक्सनं अहवाल पाठवायचा. त्यानंतर वसंता मॅडमचं स्टूल रिकामं राहायला लागलं. त्या ऑफिसात फोनपाशी असायच्या. आत मी एकटी.

त्या वर्षी श्रावणात जाधव आले.

हॉस्पिटलातून आमच्याकडे रोग्यांच्या पोटातलं पाणी यायचं. बायकांच्या अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये पोटात पाणी साचतं, त्यात सुट्या पेशी तरंगत असतात. डॉक्टर ते काढायचे आणि त्यातली एक बाटली संशोधनासाठी आम्हाला पाठवायचे. एरवी शिपाई आणायचा. त्या दिवशी शिपाई नव्हता म्हणून रोग्याचा नवराच आला होता. पन्नाशीचा गृहस्थ, धोतर नाही, पण पँटवरही टोपी. बर्फ घातलेला स्टीलचा डबा टॉवेलात गुंडाळून दोन बस बदलून आणलेला. डबा माझ्या हातात द्यायला तयार नव्हते.

"बाई, हे कोणाला द्यायचं ते नीट सांगा. माझ्या मंडळीचं आहे."

मी मराठीत उत्तर दिलं तेव्हा त्यांचा चेहरा सैल पडला. दिगंबरराव जाधव, सुलतान बाजारात कापडाचं दुकान. वडील निजामाच्या राज्यात बिदरकडे शेती करायचे, हे इथं येऊन धंद्यात पडले. बायकोचं नाव गिरिजाबाई. चैत्रापासून औषध चालू होतं, लाल औषधच. आधी पोट उतरलं, जेवण जायला लागलं. आता पाचव्या डोसानंतर पुन्हा पाणी भरलं होतं.

ते म्हणाले, "तिच्या पेशीला तुम्ही इचारून बघा, कोणतं औषध चालंल म्हणून. तिला इचारलं तर ती काही सांगत नाही. सगळ्यालाच हौ म्हणती."

मी त्यांना सांगितलं की इथं उपचार होत नाहीत, इथून हॉस्पिटलला काही कळवलंही जात नाही. त्यांनी मान हलवली. तरीही पुढच्या पंधरवड्यात ते दोनदा येऊन गेले. एकदा जास्वंदीचं रोप घेऊन, एकदा नुसतेच. अशी माणसं आमच्या दारात येत नसत. मला अवघड व्हायचं आणि बरंही वाटायचं.

त्याच सुमाराला आमचं सीरम विमानतळावर अडकलं. देश उघडला होता, पण कस्टमची खिडकी जेवणाच्या सुट्टीत बंदच असायची. माझ्याकडे पोषकद्रव जेमतेम उरलेलं. अशा वेळी जुनी माणसं एक युक्ती करायची. दाट वाढलेल्या बाटलीतलं वापरलेलं द्रव गाळून घ्यायचं आणि विरळ पेशींना निम्मं ते, निम्मं नवं, असं द्यायचं. पेशी आपल्या पाण्यात काहीबाही सोडतात, त्यावर दुसऱ्या पेशी बऱ्या वाढतात. गाळणी इतकी बारीक असते की पेशी तर सोडाच, जंतूही पलीकडे जात नाहीत. निबर पेशींच्या बाटल्या भरपूर होत्या. आठवडाभर औषधाशिवाय ठेवलेल्या. त्यांचं द्रव गाळून मी साध्यांना घातलं.

दोन दिवसांनी त्याच साध्या पेशींवर कंपनीच्या कामासाठी लाल औषध घातलं. त्या मेल्या नाहीत. सगळ्या वाचल्या असं नाही, पण निम्म्याहून जास्त बाटलीला घट्ट धरून होत्या. मॅडमला बोलावलं. त्यांनी पाहिलं आणि सरळ सांगितलं की मी बाटल्या एकमेकींत मिसळल्या आहेत. साध्यांमध्ये निबर पेशी पडल्या. आमच्या धंद्यात याहून मोठा गुन्हा नाही. एक थेंब इकडचा तिकडे गेला की महिन्यांचं काम कचऱ्यात.

सोमवारी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेली साध्या पेशींची जुनी कुपी काढली. जिला माझ्या त्या आठवड्यातल्या हातांचा स्पर्शच नव्हता. तीन बाटल्या लावल्या. एकीला नवं द्रव, एकीला साध्यांचंच वापरलेलं, एकीला निबरांचं वापरलेलं, दोनदा गाळून. तिन्हींवर औषध. पहिल्या दोन मेल्या. तिसरी जगली.

म्हणजे पेशी पलीकडे जात नव्हत्या, आणि तरी काहीतरी जात होतं.

आमच्याकडे एक मोठं सेंट्रीफ्यूज होतं. नळ्या इतक्या वेगानं फिरवायचं की डोळ्यांना न दिसणारी वस्तूही तळाला बसते. त्यात समोरासमोरच्या नळ्यांचं वजन केसाइतकं जुळवावं लागतं. नाहीतर ते यंत्र जागचं उडतं. मी एकदा दुसऱ्याच्या हातून ते उडालेलं पाहिलं होतं, म्हणून नळ्या मी तीन-तीनदा तोलायची. दोन तास फिरवलं. वरचं पाणी वेगळं केलं. तळाशी काही आहे की नाही याचीही शंका यावी एवढा पुसट डाग होता, चमचा धुतल्यावर राहिलेल्या ताकासारखा. तो थोड्या द्रवात कालवला. एका बाटलीला वरचं पाणी दिलं, दुसरीला डाग.

वरच्या पाण्यातल्या पेशी मेल्या. डागातल्या जगल्या. दिव्याखाली बघितलं तर त्यांचे निखारे विझत आलेले.

आता खरं तर मॅडमकडे जायला हवं होतं. पण फ्रीजमध्ये गिरिजाबाईंचं पाणी होतं. त्यातल्या पेशी मी कधीच काढून वेगळ्या ठेवल्या होत्या, नुसतं पिवळट पाणी उरलं होतं, जे आम्ही टाकून द्यायचो. ते गाळलं, फिरवलं, तळाचा डाग साध्या पेशींना घातला. एका दुसऱ्या बाईचं पाणी होतं, जिचा आजार नुकताच कळला होता आणि औषध सुरूच झालेलं नव्हतं. तिचंही तसंच केलं. तिच्या डागानं पेशींना काही फायदा झाला नाही. गिरिजाबाईंच्या डागानं पेशी जगल्या.

मी स्टुलावर बसून राहिले. मला आनंद झाला होता, हे लिहायला आज लाज वाटते. एका बाईच्या पोटात औषध निकामी होत होतं आणि मला माझा हात निर्दोष निघाल्याचा आनंद झाला होता. तारीख, वार, कुठली बाटली, सगळं माझ्या खाणं घालायच्या वहीत मराठीत लिहिलं. ती वही मी खासगी ठेवायची. संस्थेची वही वेगळी, इंग्रजी; तेच सगळं तिच्यात चार पानांत उतरवून मॅडमपुढे ठेवलं.

मॅडमनी संस्थेची वही शांतपणे वाचली. म्हणाल्या, तळाला बसतो तो मेलेल्या पेशींच्या पडद्यांचा चुरा. औषध त्या चुऱ्याला चिकटतं, पेशींपर्यंत पोचतच नाही, म्हणून त्या वाचतात. आक्षेप खोटा नव्हता. मी विचारलं, मग साध्या पेशींच्या चुऱ्यानं त्या का वाचत नाहीत? टेबलावर फॅक्सचा कागद होता. साध्या पेशी औषधानं मरत नाहीत असं एकदा कळवलं असतं तर आधीचे चारही अहवाल संशयात आले असते, आणि काम दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या गटाला गेलं असतं.

त्यांनी लाल पेन घेतलं, चारही पानांवर तिरपी रेघ मारली, "दूषित" असं इंग्रजीत लिहिलं आणि सही केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सुमन, या कामाला हात स्वच्छ लागतो."

त्यांच्या मनात बहुधा काही नव्हतं. प्रयोगशाळेत हे वाक्य रोज कुणी ना कुणी कुणाला तरी म्हणतं. पण आमच्या घरातल्या माणसांनी आपल्या हातांबद्दल पिढ्यान्‌पिढ्या पुष्कळ ऐकून घेतलेलं आहे. मी वही घेतली आणि बाहेर आले. दोन दिवस मी हात धूत होते, धुतलेले पुन्हा धूत होते. तिसऱ्या दिवशी मलाच वाटायला लागलं की झालं असेल, थेंब इकडचा तिकडे झाला असेल. त्या वाक्याचं सगळ्यात वाईट काय असेल तर हेच, की मी त्यावर विश्वास ठेवला.

गिरिजाबाईंच्या पेशी बाटलीत वाढल्या नाहीत. पुष्कळदा वाढत नाहीत.

मार्गशीर्षात जाधव पत्रिका न वाटता झालेल्या लग्नाचे लाडू घेऊन आले. मुलीचं, सुनीताचं, लग्न कार्तिकात उरकलं होतं. आईच्या डोळ्यांदेखत व्हावं म्हणून घाई केली होती. गिरिजाबाई मांडवात उभ्या राहिल्या, अक्षता टाकल्या. पुढचा डोस लग्नाच्या आठवड्यात येत होता. औषध घेतलं की त्यांना चार-पाच दिवस मान उचलवत नसे. त्यांनीच नवऱ्याला सांगितलं, हे लग्न होऊ द्या, मग घेते. पाहुणे, मांडवपरतणी, करता करता तीन आठवडे गेले. डॉक्टर रागावले. लाडू देताना जाधव हे सगळं हसत सांगत होते, पण माझ्या तोंडाकडे बघत होते.

माघात गिरिजाबाई गेल्या.

महिन्यानं ते पुन्हा आले. या वेळी हातात काही नव्हतं. मी त्यांना बाहेर कडुलिंबाखालच्या बाकावर बसवलं. बराच वेळ ते दुकानाचं बोलले. मग म्हणाले, "बाई, एक इचारायचं होतं. ते तीन हप्ते. त्याच्यामुळं झालं का हे? तुम्ही पेशी बघता. तुम्हाला माहीत असंल."

मला माहीत होतं. ते पाणी त्यांनी श्रावणात आणलं होतं. लग्न कार्तिकात झालं. औषध मांडवामुळं निकामी झालेलं नव्हतं. ते आधीपासूनच निकामी होत चाललं होतं आणि ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण ज्या पानांवर ते लिहिलं होतं त्यांवर लाल रेघ होती. जे दूषित ठरलं ते मी कुठल्या तोंडानं एका रडवेल्या माणसाला सांगायचं? आणि उद्या ते हॉस्पिटलात जाऊन म्हणाले की संस्थेतल्या बाईनं असं सांगितलं, तर?

मी म्हणाले, "मी डॉक्टर नाही, जाधवसाहेब. मला सांगता येणार नाही."

ते उठले, नमस्कार केला आणि गेले. त्यानंतर आले नाहीत.

कंपनीचं औषध पुढं बारगळलं. काम संपलं, दुसरं आलं. मी सीनियर झाले, तीन प्रमुखांच्या हाताखाली काम केलं, आणि एक दिवस शाल-श्रीफळ घेऊन घरी आले. एकतीस वर्षांत मी फेकलेलं पिवळं पाणी एकत्र केलं तर एखादी विहीर भरली असती. त्यात काय होतं हे पाहायचं माझ्या कामात बसत नव्हतं.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी संस्थेच्या वर्धापनदिनाला आम्हा जुन्यांना बोलावलं. मी जेवणासाठी गेले होते. जेवणाआधी भाषण होतं म्हणून मागच्या रांगेत बसले. एक तरुण शास्त्रज्ञ बाई पडद्यावर चित्र दाखवत होत्या. एक पेशी आणि तिच्या अंगातून सुटणाऱ्या असंख्य बारीक बारीक पिशव्या. त्या सांगत होत्या की सगळ्याच पेशी अशा पिशव्या सोडतात. किती तरी वर्षं लोकांना वाटायचं की हा पेशींचा केर आहे. पण त्यात माल असतो. निबर पेशींच्या पिशव्यांच्या पडद्यात औषध फेकणारे पंप बसलेले असतात. पिशवी साध्या पेशीला जाऊन मिळते, आणि त्या पेशीला काही न शिकता तयार पंप मिळतो. पिशव्यांतून पंप कसे बनवायचे याच्या सूचनाही जातात. शिवाय काही पेशी आत आलेलं औषधच अशा पिशव्यांत भरून बाहेर टाकतात. एका कोपऱ्यात निबरपणा आला की तो असा शेजारीपाजारी वाटला जातो.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा मी हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदाच. विचारलं, या पिशव्या जंतूंच्या गाळणीतून पलीकडे जातात का? त्या म्हणाल्या, बऱ्याचशा जातात. वेगानं फिरवलं तर तळाला बसतात का? हो, तसंच तर आम्ही त्या मिळवतो. पोटात साचलेल्या पाण्यात असतात? त्या हसल्या. म्हणाल्या, मॅडम, खच्चून असतात. तुम्ही यावर काम केलंय का?

मी नाही म्हणाले आणि खाली बसले. जेवले नाही.

मॅडम तारनाक्यालाच राहतात, ऐंशीच्या पुढं, एकट्या. आठवडाभर विचार करून मी त्यांना फोन केला. मी काही सांगायच्या आतच त्यांनी विचारलं, पिशव्यांचं ना? त्यावरचा पहिला लेख त्यांनी दहा वर्षांपूर्वी वाचला होता. वाचला त्या दिवशी माझा नंबर शोधून ठेवला होता.

"मग फोन का नाही केलात, मॅडम?"

त्या म्हणाल्या, "तू विचारशील म्हणून. त्या पानांवर सही का केली ते."

मी विचारलं नाही. मग त्यांनी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मी त्यांच्या डोळ्यांची. चिडायचं ठरवून फोन केला होता, पण चिडायला लागते तेवढी ताकद दोघींकडेही नव्हती. आणि खरं बोलायचं तर, ती पानं छापून आली असती तरी गिरिजाबाई वाचल्या नसत्या. या पिशव्या कशा अडवायच्या, यावर आजही काम चालूच आहे. रोग्याच्या हातात देता येईल असं काही आलेलं मला माहीत नाही. एका बाईचा जीव वाचवणं माझ्या हातात नव्हतं. पण कडुलिंबाखालच्या बाकावर बसून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं माझ्या हातात होतं.

दुसऱ्या दिवशी जुन्या ट्रंकेतून खाण्याची वही काढली आणि रिक्षानं सुलतान बाजारात गेले. दुकान तिथंच होतं, फक्त काचेचं झालेलं. पुतण्या गल्ल्यावर होता. जाधव आत एका खुर्चीत बसलेले, अंगानं निम्मे झालेले. मला ओळखायला त्यांना वेळ लागला. ओळखल्यावर चहा मागवला.

मी आधी पिशव्यांचं सांगितलं, जितकं सोपं करता येईल तितकं. मग वही उघडून पान दाखवलं. तारीख त्यांनी स्वतः वाचली, बोट ठेवून.

"म्हणजे औषध लग्नाच्या आधीच बंद पडलं होतं?"

"पुरतं बंद पडलं होतं असं मी म्हणणार नाही. तीन आठवड्यांनी काहीच फरक पडला नसेल, असंही छातीठोक सांगता येणार नाही. पण ते हातातून निसटायला लागलं होतं, ते श्रावणातच. तुम्ही पाणी आणलंत तेव्हाच."

"आन्‌ तुम्हाला हे तवाच माहीत होतं."

"हो."

मी बोलणी खायला तयार होते. काउंटरवर कुणीतरी उलगडून टाकलेलं ब्लाउजपीस होतं. ते त्यांनी ओढून घेतलं, मांडीवर घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. बाहेर बसवाला हॉर्न वाजवत होता.

मग ते म्हणाले, "मी तर म्हातारा झालो, माझं राहू द्या. पोरीचं सांगतो. तिनं आपल्या लग्नाचे फोटो एक दिवस बाहेर काढून बघितले नाहीत. तिच्या लेकराचं लग्न झालं मागच्या साली, मांडवात उभी राहून रडायली. लोकाला वाटलं, लेक सासरी चालली म्हणून रडायली. मला माहीत होतं कशाला रडायली ते."

त्यांनी पुतण्याला फोन लावायला सांगितलं. सुनीता वरंगलला असते. घरात सगळे तेलुगू बोलणारे. फोन लागल्यावर त्यांनी तो आपल्या कानाला न लावता माझ्याकडे दिला.

"मी सांगितलं तर तिला वाटंल, बाप समजूत काढायला. तुम्ही सांगा."

पलीकडून तेलुगूत आवाज आला, "हां अप्पा, चेप्पंडी," म्हणजे सांगा. मी म्हणाले, मी अप्पा नाही. मी कोण, कुठं काम करत होते, तिचे वडील कशासाठी आले होते, हे सांगितलं. तिचं मराठी मोडकं झालं होतं, म्हणून मध्येच हिंदीत सांगितलं, पिशव्यांसाठी तेलुगू शब्द शोधला, सापडला नाही, तसाच मराठी वापरला. श्रावणातलं पाणी, त्यातलं जे तळाला बसलं ते, आणि त्यानं काय झालं ते. लग्न त्यानंतर तीन महिन्यांनी होतं, हेही.

फोन कट झाला असं वाटून मी हॅलो म्हणाले.

"आहे मी," ती म्हणाली. "कोणता महिना म्हणलात?"

"श्रावण."

"परत सांगा," ती म्हणाली, आणि मी परत सांगितलं.